जुन्या मॅकचा ओपन-सेव्ह बॉक्स सुधारणारी शेअरवेअर कशी शोधायची

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरातला जुना मॅकिंटॉश क्लासिक टू पुन्हा चालू केलाय, त्यावर मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम ७.१ आहे, बाकी सगळं छान चालतं पण फाइल उघडताना किंवा सेव्ह करताना जो बॉक्स येतो तो दर वेळी भलत्याच फोल्डरमध्ये उघडतो, यादीत नावं फार थोडी दिसतात, आणि त्या काळी यावर लोकांनी लिहिलेली छोटी शेअरवेअर, म्हणजे आधी वापरून बघा आणि आवडली तर पैसे द्या अशी सॉफ्टवेअर, मिळायची असं ऐकलंय, तर ती आता कुठे मिळतात आणि त्यातलं नेमकं काय घ्यायचं. नव्वदच्या दशकात मी मुंबईत डीटीपीच्या कामात मॅक सांभाळायचो, सेटअप करून देणं आणि बिघडलेले परत उभे करणं हेच काम, आणि आजही जुनी मशीनं हाताळतो, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे, उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

आधी हे समजून घ्या की तो बॉक्स असा का आहे, कारण ते कळलं की काय शोधायचं ते आपोआप कळतं. १९८४ चा पहिला मॅक ४०० केच्या फ्लॉपीवर चालायचा आणि त्याची फाइल सिस्टिम एमएफएस होती, तिच्यात खरे फोल्डर नव्हतेच. फाइंडर, म्हणजे मॅकवर फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, फोल्डरची चित्रं दाखवायचा पण ओपन बॉक्समध्ये डिस्कवरच्या सगळ्या फाइली एकाच सपाट यादीत यायच्या. एका फ्लॉपीवर फाइली किती असणार, त्यामुळे ५१२ बाय ३४२ च्या स्क्रीनवर एवढीशी यादी, बाजूला ड्राइव्ह आणि इजेक्टची बटणं, एवढं पुरायचं. मग सप्टेंबर १९८५ मध्ये ॲपलची हार्ड डिस्क २० आली आणि तिच्यासोबत एचएफएस ही नवी फाइल सिस्टिम आली, खरे फोल्डर, फोल्डरात फोल्डर, २० एमबी जागा, शेकडो फाइली. बॉक्स मात्र जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे फ्लॉपीसाठी बेतलेल्या खिडकीतून लोक अख्खी हार्ड डिस्क बघत होते. पुढची दहा-बारा वर्षं या विषयावर जी काही शेअरवेअर लिहिली गेली त्यातली बरीचशी या एका विसंगतीतून आली.

बॉक्स मागचा फोल्डर विसरतो आणि भलतीकडे उघडतो, त्याचं कारण वेगळं आहे. त्या बॉक्सचं अधिकृत नाव स्टँडर्ड फाइल पॅकेज, ते सिस्टिमचा भाग आहे, प्रत्येक प्रोग्रॅम त्यालाच हाक मारतो. बॉक्स कुठल्या डिस्कवर आणि कुठल्या फोल्डरमध्ये उघडायचा हे तो मेमरीच्या तळाशी असलेल्या दोन छोट्या जागांमधून वाचतो, एकीचं नाव एसएफसेव्हडिस्क, ती २ बाइटची, दुसरीचं करडिरस्टोअर, ती ४ बाइटची. प्रोग्रॅम चालू झाला की सहसा तो प्रोग्रॅम जिथे ठेवलाय तोच फोल्डर तिथे असतो, म्हणून वर्डमधून पहिल्यांदा सेव्ह करायला गेलं की वर्डचाच फोल्डर समोर येतो आणि घाईत लोक तिथेच सेव्ह करून मोकळे होतात. प्रेसमध्ये गिऱ्हाइकाची फाइल सापडत नाही म्हणून आरडाओरडा झाला की मी सगळ्यात आधी क्वार्क आणि पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये बघायचो, बहुतेक वेळा तिथेच असायची.

आता शेअरवेअरकडे जायच्या आधी एक विनंती, सिस्टिम ७ मध्ये जे आधीच आहे ते आठवडाभर वापरून बघा. मे १९९१ ला सिस्टिम ७ आली तेव्हा ॲपलने हा बॉक्स बराच सुधारला होता पण ते कुणी सांगितलं नाही तर कळत नाही. कमांड-डी दाबलं की थेट डेस्कटॉप, कमांड आणि वरचा बाण म्हणजे एक फोल्डर वर, कमांड आणि खालचा बाण म्हणजे निवडलेल्या फोल्डरच्या आत, कमांड आणि डावा-उजवा बाण म्हणजे एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर, सेव्हच्या बॉक्समध्ये कमांड-एन म्हणजे नवा फोल्डर, आणि टॅब दाबलं की यादी आणि नावाची जागा यांच्यात अदलाबदल, मग यादीत नावाची पहिली अक्षरं टाइप करा, तिथे उडी मारतो. उजवीकडे डिस्कचं नाव दिसतं त्यावर क्लिक केलं तरी एक पायरी वर जातो. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे एलियस, म्हणजे मूळ फाइल किंवा फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट. रोजच्या कामाच्या चार-पाच फोल्डरांचे एलियस करा, नावाच्या सुरुवातीला एक स्पेस द्या म्हणजे यादीत सगळ्यात वर येतात, आणि डेस्कटॉपवर ठेवा. कुठल्याही बॉक्समध्ये कमांड-डी, मग एलियसवर डबल क्लिक, झालं काम. यात पैसे नाहीत, मेमरी जात नाही, काही क्रॅश होत नाही. बऱ्याच लोकांची गरज इथेच संपते आणि तसं झालं तर मला आनंदच आहे.

ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी पुढचं.

मी नेहमी सांगतो की आधी नेमका त्रास कुठला ते ठरवा, कारण या युटिलिटी तीन वेगवेगळ्या दुखण्यांवर लिहिलेल्या आहेत आणि नावावरून ते कळत नाही. पहिलं दुखणं विसरण्याचं, बॉक्स चुकीच्या जागी उघडतो, कालची फाइल परत शोधावी लागते. दुसरं आकाराचं, यादी बुटकी आणि अरुंद, एचएफएसमध्ये नाव ३१ अक्षरांपर्यंत चालतं पण लांब नावं एकसारखी सुरू होत असली की बॉक्समध्ये ओळखू येत नाहीत. तिसरं शोधण्याचं, फाइल कुठे आहे हेच माहीत नाही आणि फाइंडरमध्ये परत जाऊन शोधायचा कंटाळा.

विसरण्यावरचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे बूमरँग, हिरोआकी यामामोतो या प्रोग्रॅमरने लिहिलेलं. छोटंसं, बॉक्समध्ये एक चिन्ह यायचं, ते दाबलं की अलीकडे वापरलेले फोल्डर आणि फाइली यांचा मेनू उघडायचा, आणि एखाद्या फोल्डरमध्ये परत गेलात की तिथे शेवटी जी फाइल उघडली होती तिच्यावरच निवड येऊन थांबायची. हे दुसरं वैशिष्ट्य ऐकायला किरकोळ वाटतं पण दिवसातून शंभर वेळा बॉक्स उघडणाऱ्या माणसाला विचारा. हेच बूमरँग पुढे नाऊ सॉफ्टवेअर या ओरेगनमधल्या कंपनीच्या नाऊ युटिलिटीजमध्ये सुपर बूमरँग म्हणून गेलं, आणि तिथे ते फारच मोठं झालं, प्रोग्रॅमच्या फाइल मेनूतल्या ओपनलाच अलीकडच्या फाइलींचा उपमेनू लागायचा, बॉक्समधूनच फाइल शोधता यायची, अगदी फाइलच्या आतला मजकूरही. पण सुपर बूमरँग शेअरवेअर नाही हे लक्षात ठेवा, दुकानात डब्यातून मिळणारं विकतचं सॉफ्टवेअर होतं. शोधताना ही दोन नावं एकमेकांत मिसळतात, आणि लोक जुनं मोफत फिरणारं बूमरँग समजून नाऊ युटिलिटीजचा अख्खा सेट उतरवतात.

दुसरं नाव डिफॉल्ट फोल्डर, सेंट क्लेअर सॉफ्टवेअरच्या जॉन गोटो यांचं. हे माझं सगळ्यात आवडतं. मूळ कल्पना अगदी साधी, प्रत्येक प्रोग्रॅमला त्याचा एक ठरलेला फोल्डर नेमून द्यायचा, म्हणजे वर्ड उघडला की पत्रांचा फोल्डर, फोटोशॉप उघडला की स्कॅनचा फोल्डर. मघाशी सांगितलेल्या त्या दोन मेमरीच्या जागा आहेत ना, या जातीच्या युटिलिटीचं मुख्य काम म्हणजे बॉक्स उघडायच्या क्षणभर आधी तिथे आपल्या पसंतीचा पत्ता लिहून ठेवणं, बॉक्स बिचारा तोच वाचतो आणि तिथे उघडतो. हळूहळू त्यात आवडत्या फोल्डरांचा मेनू, अलीकडचे फोल्डर, बॉक्समधूनच नाव बदलणं, फाइल कचऱ्यात टाकणं, असं बरंच आलं. आणि हे प्रॉडक्ट अजून जिवंत आहे, मॅक ओएस टेनपासून ते डिफॉल्ट फोल्डर एक्स या नावाने मिळतं. एका माणसाने एवढ्याशा बॉक्सवर इतकी वर्षं काम करत राहावं याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आकाराच्या दुखण्यावर जेम्स वॉकर यांचं डायलॉग व्ह्यू बघा. ते यादी मोठी करतं आणि फाँट बदलू देतं, म्हणजे नेहमीच्या शिकागो फाँटऐवजी छोटा जिनिव्हा ९ लावला की त्याच जागेत जास्त नावं बसतात. ९ इंची स्क्रीनवर उंची फार वाढवता येत नाही हे खरं, पण फाँटचा फरक डोळ्याला लगेच जाणवतो. शोधण्याच्या दुखण्यावर वर्किंग सॉफ्टवेअरचं फाइंड्सवेल होतं, ओपनच्या बॉक्समध्येच शोधायचं बटण देणारं, आणि नॉर्टन युटिलिटीजसोबत डिरेक्टरी असिस्टन्स यायचं, पण ही दोन्ही विकतची, शेअरवेअरच्या संग्रहात ती मिळणार नाहीत, तिथे शोधत वेळ घालवू नका.

आता शोधायचं कुठे. त्या काळी याचा मोठा खजिना म्हणजे इन्फो-मॅक, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सुमेक्स-एम या मशीनवरचा संग्रह, स्वयंसेवक सांभाळायचे आणि जगभर त्याच्या प्रती ठेवलेल्या असायच्या. दुसरा मिशिगन विद्यापीठाचा मॅक संग्रह. तिसरे म्हणजे युझर ग्रुप, बर्कलीचा बीएमयूजी आणि बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी, हे लोक फ्लॉपी आणि नंतर सीडी काढायचे. आपल्याकडे व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, त्याआधी मुंबई-पुण्यात ही शेअरवेअर यायची ती कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावाने बॅगेत घालून आणलेल्या फ्लॉपीवर किंवा अशा एखाद्या सीडीवर, आणि मग ती अंधेरीपासून लोअर परळपर्यंत एका प्रेसमधून दुसऱ्या प्रेसमध्ये फिरायची.

आज यातलं जवळपास सगळं घरबसल्या मिळतं. मॅकिंटॉश गार्डन ही साइट सोपी आहे, नाव टाकलं की आवृत्त्या दिसतात, लोकांच्या टिपा असतात, सुरुवात तिथून करा. पण तिथे ज्या गोष्टी लोकप्रिय होत्या त्याच जास्त सापडतात. खरी मजा इंटरनेट अर्काइव्हवर आहे, तिथे बीएमयूजीच्या पीडी-रॉम आणि पॅसिफिक हायटेकच्या इन्फो-मॅक सीडी जशाच्या तशा चढवलेल्या आहेत. आणि त्या सीडींच्या पोटात शिरून फाइलच्या नावाने शोधायचं असेल तर डिस्कमास्टर नावाचं सर्च आहे, ते अर्काइव्हवरच्या हजारो सीडी आणि फ्लॉपींच्या आतल्या फाइली दाखवतं. तुम्हाला नाव माहीत नसेल तर नावाच्या मागे लागू नका, इन्फो-मॅकचे सीएफजी आणि जीयूआय असे विभाग आहेत ते उघडा आणि नुसती नावं चाळत जा. त्या काळातल्या लेखकांची सवय होती की बॉक्सशी संबंधित काही असलं की नावात एसएफ, स्टँडर्ड फाइल, ओपन, फोल्डर, डायलॉग, डिरेक्टरी असं काहीतरी घालायचे. मागे इनिट किंवा सीडेव्ह लावलेलं असेल तर ते १९९१ च्या आधीचं, सिस्टिम ६ च्या काळातलं, कारण सिस्टिममध्ये भर घालणाऱ्या या छोट्या फाइलींना सिस्टिम ७ पासून एक्स्टेन्शन आणि कंट्रोल पॅनल हे शब्द आले.

इन्फो-मॅकची एक गोष्ट फार कमी लोक वापरतात. तिथल्या डॉट एचक्यूएक्स फाइली, म्हणजे ईमेलने पाठवता याव्यात म्हणून अक्षरांत बदललेल्या मॅकच्या फाइली, हा साधा मजकूर असतो, आणि सुरुवातीला बऱ्याचदा लेखकाचं मूळ ईमेल तसंच ठेवलेलं असतं, त्यात तारीख, हे काय करतं, कुठल्या सिस्टिमवर चालतं, फी किती. म्हणजे डाउनलोड केलेली फाइल मॅकवर न्यायच्या आधी आजच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडा आणि वरच्या पंधरा-वीस ओळी वाचा. बिनहेक्स ४.० ने उलगडा अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते तिच्यापुढे नुसता अक्षरांचा भडिमार, तिच्या आधीचं सगळं माणसाने माणसासाठी लिहिलेलं. अर्ध्या फाइली तिथेच बाद होतात आणि बराच वेळ वाचतो. टिडबिट्स नावाचं ईमेलने येणारं साप्ताहिक १९९० पासून चालू आहे, त्याचे जुने अंक वाचता येतात, त्यात या युटिलिटींवर त्या त्या वेळी लिहिलेलं सापडतं, आणि कुठली आवृत्ती कशाशी भांडते ते लोकांनी तिथे प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय.

आवृत्ती निवडताना तारखेवर जा. ७.१ आली १९९२ मध्ये, ७.५ आली १९९४ मध्ये, आणि ऑक्टोबर १९९८ ला मॅक ओएस ८.५ सोबत नॅव्हिगेशन सर्व्हिसेस आल्या, तो बॉक्स वेगळाच, आकार बदलता येणारा, फेव्हरिट्स आणि रीसेंटची बटणं असलेला. तुमच्या मशीनवर तो येणारच नाही, तेव्हा १९९८ नंतरची ज्या युटिलिटीची जाहिरात नॅव्हिगेशन सर्व्हिसेसवर आहे ती तुमच्या कामाची नाही. १९९३ ते १९९६ या दरम्यानची तारीख असलेली आवृत्ती ७.१ ला बहुतेक बिनबोभाट चालते. सगळ्यात नवीन ती सगळ्यात चांगली हा आजचा नियम जुन्या मशीनला लावू नका.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती जागा, फाइल मॅकपर्यंत नेणं. जुन्या मॅकच्या फाइलचे दोन भाग असतात, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. एक्स्टेन्शन आणि कंट्रोल पॅनल यांचा बहुतेक सगळा जीव रिसोर्स फोर्कमध्ये. विंडोजवर ती फाइल उलगडून पेनड्राइव्हवर कॉपी केली की दुसरा भाग गळून पडतो आणि मॅकवर शून्य के ची फाइल पोचते, आणि मग माणूस म्हणतो डाउनलोडच खराब आहे. डाउनलोड चांगलं असतं. नियम एकच, एचक्यूएक्स, सिट, सीपीटी, एसईए यातलं ज्या प्रकारचं बांधलेलं पाकीट असेल ते बंदच्या बंद न्यायचं आणि जुन्या मॅकवरच उघडायचं, स्टफइट एक्स्पांडर किंवा कॉम्पॅक्ट प्रो वापरून. त्यातही १९९८ मध्ये स्टफइट ५ आलं तेव्हा त्याचा फॉरमॅट बदलला, त्यानंतर बांधलेली सिट फाइल जुना एक्स्पांडर उघडत नाही, तेव्हा मूळ जुनं पॅकिंग असलेली प्रतच शोधा. आजचा मॅक जवळ असेल तर द अनअर्काइव्हर हे मोफत सॉफ्टवेअर रिसोर्स फोर्क सांभाळून उलगडतं, पण तिथून पुढे न्यायला परत एचएफएसची डिस्क इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, लागतेच.

क्लासिक टूला १.४४ एमबीची फ्लॉपी चालते ही तुमची चांगली बाजू, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने आजच्या कॉम्प्युटरवरून तशी इमेज लिहिता येते. मॅकिंटॉश प्लससारखी ८०० केची फ्लॉपी असती तर ते जमलं नसतं कारण मॅकच्या ८०० के ड्राइव्हचा फिरण्याचा वेग बदलत असतो आणि पीसीचे ड्राइव्ह तसे फिरत नाहीत. फ्लॉपीच सापडत नसेल तर फ्लॉपी इमू किंवा ब्लू-स्कझी यासारखी मेमरी कार्डवर चालणारी उपकरणं मिळतात, थोडा खर्च आहे पण एकदा घेतलं की पुढची सगळी कटकट संपते. आणि मशीनला हात लावायच्या आधी इन्फिनिट मॅकवर, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणाऱ्या जुन्या मॅकवर, ती युटिलिटी चालवून बघा. सिस्टिम ७.१ तिथे मिळते, फाइल खिडकीत ओढून टाकता येते, आवडली नाही तर टॅब बंद केला की विषय संपला. मिनी व्हीमॅक आणि बॅसिलिस्क टू हे एम्युलेटरही, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मॅकची नक्कल करणारे प्रोग्रॅम, चालतील.

व्हायरस तपासा. जुन्या फ्लॉपींवर आणि त्यांच्या इमेजवर एनव्हीआयआर आणि डब्ल्यूडीईएफ हे जुने व्हायरस अजून जिवंत असतात, डब्ल्यूडीईएफ तर नुसती फ्लॉपी घातली तरी पसरायचा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जॉन नॉरस्टॅड यांचं डिसइन्फेक्टंट हे मोफत आहे आणि या दोन्हींना पुरेसं आहे.

बसवणं सोपं, फाइल सिस्टिम फोल्डरच्या चित्रावर ओढून सोडा, सिस्टिम ७ स्वतः विचारते की एक्स्टेन्शनच्या जागी ठेवू का, हो म्हणा आणि रीस्टार्ट करा. अडचण येते ती पुढे. या सगळ्या युटिलिटी एकाच जागी हात घालतात, मशीन चालू होताना मेमरीत शिरतात आणि स्टँडर्ड फाइलला मारलेली हाक आधी आपल्याकडे वळवून घेतात, मग त्यात आपला मेनू, आपलं बटण घालून पुढे पाठवतात. दोन जणांनी एकच हाक वळवली तर कधी दोन्ही चालतात, कधी एक चालतं, आणि कधी बॉक्स उघडताक्षणी बॉम्ब येतो, म्हणजे बॉम्बचं चित्र दाखवून मशीन क्रॅश होतं. म्हणून माझा ठाम आग्रह आहे की बॉक्सला हात लावणारी एका वेळी एकच युटिलिटी ठेवा. डिफॉल्ट फोल्डर आणि सुपर बूमरँग दोन्ही एकत्र टाकून मग क्रॅशचं कारण शोधणारे लोक मी खूप पाहिलेत, आणि त्यात दिवस वाया जातात. आकारासाठी डायलॉग व्ह्यू आणि विसरण्यासाठी डिफॉल्ट फोल्डर अशी जोडी चालू शकते पण आधी एक बसवा, चार-पाच दिवस वापरा, मग दुसरं.

मशीन चालू होताना एक्स्टेन्शन मेमरीत चढण्याचा क्रम नावाच्या अक्षरांवर ठरतो, म्हणून एटीएमचं, म्हणजे ॲडोबी टाइप मॅनेजर या फाँटच्या सॉफ्टवेअरचं, नाव टिल्डने (~) सुरू होतं, ते शेवटी चढावं म्हणून. क्रम बदलायचा तर नावाच्या आधी स्पेस किंवा टिल्ड लावून बघा. मशीन अर्ध्यावर अडकलं तर घाबरू नका, रीस्टार्ट करताना शिफ्ट दाबून धरा, सगळी एक्स्टेन्शन बंद होऊन साधी सिस्टिम चालू होते, मग शेवटी टाकलेली फाइल बाहेर काढा. ही शिफ्टची सोय सिस्टिम ७ ची, सिस्टिम ६ वाल्यांनी बूट होणारी एक फ्लॉपी हाताशी ठेवूनच प्रयोग करावेत.

टेस्ट करताना नुसत्या टीचटेक्स्टमध्ये, म्हणजे मॅकसोबत येणाऱ्या साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये, बॉक्स उघडून समाधान मानू नका. टीचटेक्स्ट साधा बॉक्स मागतो, त्यात कुठलीही युटिलिटी नीट दिसते. फोटोशॉप, वर्ड यासारखे प्रोग्रॅम त्या बॉक्समध्ये स्वतःची भर घालतात, फॉरमॅटचा मेनू, छोटं चित्र, जास्तीची टिक, आणि बाहेरून आलेलं बटण नेमकं त्याच्यावर जाऊन बसतं. तेव्हा ज्या प्रोग्रॅममध्ये तुमचं रोजचं काम आहे त्यांत ओपन आणि सेव्ह ॲज दोन्ही उघडून बघा. चांगल्या युटिलिटीमध्ये अशा एखाद्या प्रोग्रॅमपुरतं स्वतःला बंद ठेवायची सोय असते, सोबतची रीडमी ही माहितीची फाइल वाचताना ती आहे का ते जरूर बघा, माझ्या दृष्टीने लेखकाला कामाची खरी जाण आहे की नाही हे त्या एका गोष्टीवरून कळतं.

पैशांबद्दल. शेअरवेअर म्हणजे फुकट नाही, वापरून बघा आणि आवडलं तर लेखकाला पैसे पाठवा असा तो करार, आणि रक्कम साधारण १० ते २५ डॉलरच्या घरातली असायची. आपल्याकडून त्या काळी तेवढे डॉलर पाठवणं हेच मोठं काम होतं, परकीय चलनाचे नियम कडक, परदेशात चालणारी कार्डं सहसा नव्हती, त्यामुळे ज्यांना द्यायची इच्छा होती ते अमेरिकेतल्या नातेवाइकाला चेक पाठवायला सांगायचे. १९९४ पासून कागी नावाची कंपनी बऱ्याच लेखकांसाठी हे पैसे गोळा करायची, ती २०१६ मध्ये बंद पडली, म्हणून रीडमीमधल्या कागीच्या पत्त्यावर आता काही करता येत नाही. पण लेखक अजून काम करत असेल तर त्याला लिहा, आजचं प्रॉडक्ट विकत घ्या, जुन्या आवृत्तीसाठी नोंदणी क्रमांक मिळेल का ते नम्रपणे विचारा. कुठून तरी चोरलेला क्रमांक टाकू नका. ही माणसं रात्री जागून हे लिहायची, आणि आपण आज ज्या गोष्टी गृहीत धरतो, बॉक्समधले अलीकडचे फोल्डर, आवडत्या जागा, तिथेच फाइल शोधणं, त्या त्यांनी त्यांच्या हिमतीवर आधी करून दाखवल्या.

काही जणांकडे मॅक नसून दुसरी मशीनं असतील म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. अटारी एसटीवर हाच खेळ जेम या त्याच्या खिडक्या-मेनूवाल्या सिस्टिमच्या फाइल सिलेक्टरवर चालायचा, तिथे युनिव्हर्सल आयटम सिलेक्टर आणि चार्ल्स जॉन्सन यांचं लिटल ग्रीन सिलेक्टर ही नावं शोधा, ऑटो फोल्डरमध्ये टाकायची असतात. अमिगावर असा बॉक्स देणारी अधिकृत एएसएल लायब्ररी वर्कबेंच २.० सोबत आली, त्याआधी एआरपी आणि रेक लायब्ररी, नंतर निको फ्रांस्वा यांची रेकटूल्स, हे सगळं अमिनेट या ऑनलाइन संग्रहात आणि फ्रेड फिशच्या डिस्कांवर आहे. विंडोज ३.१ मध्ये १९९२ ला पहिल्यांदा सामायिक बॉक्स आला, कॉमडीएलजी डीएलएलमधून, त्याआधी प्रत्येक प्रोग्रॅम आपापला बॉक्स काढायचा त्यामुळे बाहेरून सुधारायला एक अशी जागाच नव्हती, आणि ३.१ च्या बॉक्समध्ये नवा फोल्डरसुद्धा करता येत नाही, ते विंडोज ९५ पासून.

परत तुमच्या क्लासिक टूकडे. मेमरी किती आहे ते ॲपल मेनूतल्या अबाउट धिस मॅकिंटॉशमध्ये बघा, ४ एमबी असेल तर सुपर बूमरँगच्या वाट्याला जाऊ नका, जड पडेल. १९९८ च्या आधीचं डिफॉल्ट फोल्डर घ्या, इन्फिनिट मॅकवर ७.१ मध्ये एकदा चालवा, मग १.४४ च्या फ्लॉपीवर बंद पाकीट तसंच न्या, मशीनवर उलगडा, सिस्टिम फोल्डरवर सोडा. सुरुवातीला दोनच प्रोग्रॅमना फोल्डर नेमून द्या, जे तुम्ही रोज वापरता ते. नावं अर्धवट दिसण्याचा त्रास त्यानंतरही वाटला तरच डायलॉग व्ह्यू. अडलात तर मशीनची मेमरी, एक्स्टेन्शन फोल्डरमधल्या फाइलींची पूर्ण यादी आणि कुठल्या प्रोग्रॅममध्ये बॉक्स उघडताना अडतं हे तिन्ही लिहून कळवा, तेवढ्यावरून बहुतेक वेळा भांडणारी फाइल कुठली ते सांगता येतं.